तबकडीचे नाटक होते तेव्हा : ‘सुपरस्टार’पासून नारायणगावच्या वगापर्यंत

धागा. विषय असा : गाण्यांच्या तबकडीचे नाटक कसे घडते, आणि जुन्नर-आंबेगावच्या परिसरात हाच प्रवास आज उलट्या दिशेने का चालला आहे.

१९७०च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधील दोन तरुणांची एक दुहेरी ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. गीतकार टिम राइस तेव्हा २५ वर्षांचा होता आणि संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर अवघा २२ वर्षांचा. मुद्रिकेचे नाव ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’. येशूच्या अखेरच्या दिवसांची कथा, आणि तीही रॉक संगीतात, रंगमंचावर आणण्यास कोणी निर्माता पुढे येईना. म्हणून दोघांनी नाटकाची वाट सोडून मुद्रिकेची वाट धरली. येशूला आवाज दिला ‘डीप पर्पल’ या बँडच्या इयान गिलनने, आणि ज्यूडासला मरे हेडने. पुढच्याच वर्षी ही मुद्रिका अमेरिकेत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली.

मग जे घडले ते विलक्षण होते. नाटक अजून अस्तित्वातच नव्हते, तरी त्याचे प्रयोग सुरू झाले. अमेरिकेत ठिकठिकाणच्या हौशी मंडळींनी मुद्रिका ऐकून, गाणी बसवून, कुणाचीही परवानगी न घेता ती सादर करण्याचा सपाटा लावला. हक्कधारकांना न्यायालयात धाव घ्यावी लागली. १२ ऑक्टोबर १९७१ रोजी ब्रॉडवेवर अधिकृत प्रयोग उभा राहिला, त्याचे एक कारण हेही होते. ऑगस्ट १९७२मध्ये लंडनच्या पॅलेस थिएटरात सुरू झालेले याच नाटकाचे प्रयोग १९८०पर्यंत चालले. प्रयोगसंख्या ३,३५८.

हा इतिहास सांगताना बहुतेक जण विक्रमांपाशी थांबतात. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. त्या काळात गाजलेल्या रॉक मुद्रिका थोड्या नव्हत्या. त्यांपैकी हीच इतक्या सहजपणे रंगमंचावर का चढली?

तुलनेसाठी ‘द हू’ या बँडची ‘टॉमी’ घ्यावी. ही ‘सुपरस्टार’च्या आधीची, १९६९ची. ‘रॉक ऑपेरा’ हा शब्द लोकांच्या तोंडी रुळला तो मुख्यतः तिच्यामुळे. संगीत म्हणून ती कुठेही उणी नाही. तिच्यावर बॅले झाला, ऑपेरा कंपनीने ती सादर केली, १९७५मध्ये केन रसेलने चित्रपटही काढला. पण ब्रॉडवेवर पक्क्या संहितेचे नाटक म्हणून ती उभी राहायला १९९३ साल उजाडले. म्हणजे २४ वर्षे. पीट टाउन्झेंड आणि दिग्दर्शक डेस मॅकॅनफ यांना त्यासाठी कथेचे दुवे नव्याने जोडावे लागले, एक नवे गाणेही घालावे लागले. अडचण मुळातच होती. टॉमी हा नायक कथेत बराच काळ ऐकू शकत नाही, पाहू शकत नाही, बोलू शकत नाही. त्याच्याविषयी सगळे गातात, त्याच्याशी कुणालाच गाता येत नाही. श्रोत्याला ही पोकळी जाणवत नाही, कारण त्याच्या कानात गिटार भरून राहिलेली असते. प्रेक्षकाला मात्र ती पहिल्या दहा मिनिटांत जाणवते.

‘सुपरस्टार’मध्ये उलट आहे. पहिला मोठा आवाज ज्यूडासचा. तो थेट येशूला उद्देशून शंका घेतो, इशारा देतो, रागावतो, आणि येशूला त्याला उत्तर द्यावे लागते. एका गाण्याला दुसऱ्या गाण्याचे उत्तर आहे. तबकडीतले नाटक असते ते इथे. वेशभूषा, धूर, प्रकाशझोत या सगळ्या नंतरच्या गोष्टी. ब्रॉडवेच्या पहिल्या प्रयोगात दिग्दर्शक टॉम ओहॉर्गनने याच नंतरच्या गोष्टींचा इतका भडिमार केला की खुद्द लॉइड वेबरला तो प्रयोग मुळीच आवडला नाही, आणि ही नावड त्याने कधी लपवलीही नाही.

ही कसोटी मराठी श्रोत्यांच्या परिचयाच्या एका कलाकृतीला लावून पाहण्यासारखी आहे.

१ एप्रिल १९५५, रामनवमी. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रसारित झाले. आठवड्याला एक गीत, वर्षभर. योजना ५२ गीतांची होती, पण त्या वर्षी अधिक मास आला आणि संख्या ५६ झाली. सलग कथा, प्रत्येक गीत एका पात्राच्या तोंडी, आणि निरनिराळ्या पात्रांसाठी निरनिराळे गायक : माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, स्वतः सुधीर फडके. पाश्चात्त्य समीक्षकांनी एकाच कथेत ओवलेल्या मुद्रिकेला ‘कन्सेप्ट अल्बम’ हे नाव रूढ करण्याआधी पुण्यात नभोवाणीवरून ही गोष्ट घडून गेली होती. यात फुशारकीचे काही नाही. नभोवाणी आणि तबकडी या दोन्ही माध्यमांना दृश्य नसते, म्हणून दोन्हींकडे एकच कल्पना आपापल्या वाटेने आली, इतकेच.

मात्र पुढचा प्रवास पाहावा. ‘सुपरस्टार’ तबकडीतून रंगमंचाकडे गेले. ‘गीतरामायण’ अनेक आवाजांकडून एका आवाजाकडे आले. सुधीर फडके मैफलीत बसून सगळी पात्रे एकटेच गाऊ लागले : दशरथही तेच, सीताही तेच, लव-कुशही तेच. पुढे त्यांच्याच आवाजात मुद्रिकाही निघाल्या, आणि आजच्या बहुतेक श्रोत्यांना ‘गीतरामायण’ म्हटले की तोच एक आवाज आठवतो. महाराष्ट्राला यात काही चमत्कारिक वाटले नाही. कीर्तनात बुवा एकटाच उभा राहून आख्यान लावतो आणि त्यात राजा, राणी, राक्षस, ऋषी सगळे एकाच अंगरख्यात येऊन जातात. हे मराठी कानाला शतकानुशतके सवयीचे आहे.

अलीकडे ‘गीतरामायणा’ला मोठा पडदा, नर्तकवृंद आणि वेशभूषेसह ‘भव्य संगीतनाट्य’ म्हणून सादर करण्याची हौस वाढली आहे. त्या कष्टांचा मान राखूनही म्हणावे लागते की ही हौस चुकीच्या जागी खर्च होते. त्या ५६ गीतांत काव्य अपार आहे, पण बहुतेक गीते आत्मनिवेदने आहेत. पात्र येते, आपले अंतःकरण उघडे करते आणि जाते. त्याला समोरून कुणी अडवत नाही. नर्तक कितीही नाचले तरी आत्मनिवेदनाचे भांडण होत नाही. माडगूळकरांना नाटक लिहायचेच नव्हते. त्यांनी श्रवणासाठी लिहिले आणि ते तेथेच परिपूर्ण आहे.

तर मग मराठीत गाण्याला गाण्याने अडवण्याची कला कुठे होती? त्यासाठी ना मुंबई गाठावी लागते, ना लंडन. पुणे-नाशिक महामार्गावर आंबेगाव तालुक्यातले पेठ लागते. तेथून मंचर ओलांडून आणखी उत्तरेला गेले की जुन्नर तालुक्यातले नारायणगाव येते. (याच नारायणगावाजवळ खोडदला आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. त्यांचा या धाग्याशी संबंध नाही, पण ‘तबकडी’ हा शब्द वापरताना त्या आठवल्यावाचून राहत नाहीत.) हे गाव महाराष्ट्रात तमाशापंढरी म्हणून ओळखले जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. गावोगावचे यात्रा समितीचे लोक येतात, राहुटी-राहुटीतून फिरतात, भाव ठरतो, सुपारी होते आणि त्या-त्या गावच्या यात्रेची तारीख फडाच्या वहीत चढते. चैत्र-वैशाखात पेठेपासून जुन्नरपर्यंतच्या आणि त्यापलीकडच्या कितीतरी गावांच्या यात्रांचे हिशेब या राहुट्यांत बसून झालेले असतात.

ढोलकीफडाच्या तमाशाचा क्रम ठरलेला. आधी गण, मग गौळण, मग बतावणी, नाचगाण्याची रंगबाजी, आणि सरतेशेवटी वग. वग म्हणजे कथानाट्य. पहिला वग म्हणून ज्याचा उल्लेख केला जातो तो ‘मोहना-बटाव’ एकोणिसाव्या शतकातला. त्यानंतर शेकडो वग झाले : पौराणिक, ऐतिहासिक, दरोडेखोरांचे, सासुरवाशिणींचे, थेट वर्तमानपत्रातल्या खटल्यांवरचे.

आणि आता या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा तपशील. जुन्या वगात पक्की लिहिलेली असत ती फक्त पद्ये. गद्य संवाद लिहिलेले नसत. कथेचा सांगाडा सगळ्यांना ठाऊक, गाणी सगळ्यांना पाठ, आणि दोन गाण्यांच्या मधले बोलणे नट जागच्या जागी रचत. सोंगाड्या त्या गावच्या पाटलाचे नाव गुंफी, त्या वर्षीच्या पावसाचा उल्लेख करी, समोर बसलेल्या एखाद्या फेटेवाल्याला कथेत ओढी. म्हणजे वग हा अक्षरशः गाण्यांचा एक संच होता आणि त्याचे नाटक दर रात्री नव्याने केले जाई. टाउन्झेंड आणि मॅकॅनफ यांना जे करायला इतकी वर्षे थांबावे लागले, ते काम फडातला सोंगाड्या रात्रीच्या मुक्कामागणिक करीत होता. पहिल्याच्या पदरी ब्रॉडवेचा पैसा होता आणि दुसऱ्याच्या डोक्यावर कनात, हा फरक कलेतला नव्हे.

गाण्याला गाण्याने अडवणे तर तमाशाच्या रक्तातच आहे. कलगी आणि तुरा या दोन पंथांच्या शाहिरांचे सवाल-जवाब रात्र-रात्र चालत. एकाने कोडे घालायचे, दुसऱ्याने ते त्याच वृत्तात, त्याच चालीत सोडवून वर नवे कोडे टाकायचे. उत्तर न आले तर हार. या परंपरेत वाढलेल्या प्रेक्षकाला ज्यूडास येशूला का अडवतो आहे, हे समजावून सांगावे लागले नसते.

आता चालींविषयी. ‘दुसऱ्याच्या चाली घेऊन नाटक’ हा प्रकार हल्लीचा, व्यापारी आणि म्हणून हलका, असा एक समज तरुण रसिकांत आढळतो. तो इतिहासाला धरून नाही. २९ जानेवारी १७२८ रोजी लंडनमध्ये जॉन गे याचा ‘बेगर्स ऑपेरा’ रंगमंचावर आला. त्यातली गाणी रस्त्यावर, गुत्त्यात, घराघरांत गायल्या जाणाऱ्या लोकप्रिय चालींवर बांधलेली होती. चाल ओळखीची, शब्द चोरांचे आणि भ्रष्ट अधिकाऱ्यांचे. ओळखीच्या चालीत अनोळखी शब्द ऐकून प्रेक्षक हसतही होता आणि चपापतही होता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ आणले तेव्हा त्यांनीही साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातली पदे अशा कानावर असलेल्या चालींचाच आधार घेतला. जुन्या संगीत नाटकाचे कोणतेही पुस्तक उघडावे. पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ अशी नोंद असते आणि पुढे एखाद्या आधीच्या पदाचे नाव. त्या काळच्या वाचकाला ती नोंद पुरे होई, नोटेशनची गरज पडत नसे. वगानेही हेच केले. आधी लावणीच्या, पोवाड्याच्या चाली, पुढे चित्रपटगीतांच्या. उसनी चाल हा दोष नव्हेच. त्या चालीवर पात्र काय बोलते, यावर सगळे अवलंबून असते.

या दोन प्रवाहांचा संगम पुण्यात झाला, आणि तो घडवणाऱ्यांपैकी एक जण थेट ‘सुपरस्टार’मधून आला होता.

नंदू भेंडे. नाट्यसृष्टीतले दांपत्य आत्माराम आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा रॉक बँडमध्ये गात असे. १९७४च्या सुमारास अलेक पदमसी यांनी मुंबईत इंग्रजीतून ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ उभे केले, त्यात भेंडे यांनी ज्यूडास साकारला. म्हणजे जी भूमिका त्या तबकडीला नाटक बनवते, नेमकी तीच. चार वर्षांनी, १९७८मध्ये, थिएटर अकादमीच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त ते मराठी रंगमंचावर होते : प्रमुख भूमिकेतही आणि संगीतातही. दिग्दर्शक जब्बार पटेल, रूपांतर पु. ल. देशपांडे यांचे. मूळ नाटक बर्टोल्ट ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचे, ३१ ऑगस्ट १९२८ रोजी बर्लिनमध्ये प्रथम सादर झालेले. आणि ब्रेख्तने ते उचलले होते जॉन गेच्या त्याच ‘बेगर्स ऑपेरा’वरून. १७२८, १९२८, १९७८. दोनशे वर्षांनी बर्लिन, आणखी पन्नास वर्षांनी पुणे.

या नाटकाच्या नावात ‘तमाशा’ आहे तो काही शोभेसाठी नाही. पु. लं.नी पाहिले ते असे : ब्रेख्तला प्रेक्षकाने कथेत वाहून जाऊ नये असे वाटत होते. त्यासाठी तो मध्येच गाणे आणतो, पात्राला प्रेक्षकांशी बोलायला लावतो, हे नाटक आहे याची आठवण देत राहतो. युरोपला ही नवी युक्ती होती. तमाशात मात्र गणापासूनच सगळे कलावंत उघड्यावर उभे असतात, सुरत्ये झील धरतात, सोंगाड्या राजाच्या दरबारातून थेट समोरच्या पाटलाशी बोलतो आणि परत दरबारात जातो. ब्रेख्तला जे साधायचे होते ते येथे प्रथेने सिद्ध होते. त्या चौकटीत रॉकचे वळण असलेले गाणे बसले, नाट्यसंगीताची थट्टाही बसली, कारण तमाशाची चौकट मुळातच सैल आणि पाहुणचारी आहे. संगीत नाटकाच्या चौकटीत हे इतक्या सुखाने बसले नसते. तेथे गायकाभोवती अदब असते, ‘वन्स मोअर’ असतो, आणि कथेने गायकासाठी थांबून राहायचे असते.

म्हणून मराठीत रॉक-संगीतिकेची वंशावळ लावायची झाल्यास ती संगीत नाटकापेक्षा वगाशी अधिक जुळते. हे मत अनेकांना रुचणार नाही. संगीत नाटकाचा वारसा मोठा आहे आणि त्याचा अभिमान रास्त आहे. पण तेथे नाटकाला गाणी जोडलेली आहेत. येथे प्रश्न गाण्यांतून नाटक काढण्याचा आहे, आणि ते कौशल्य फडाकडे होते.

‘होते’ हा भूतकाळ जाणूनबुजून वापरला आहे.

गेल्या काही दशकांत तमाशातला वग आक्रसत गेला. याला लोकांची बदललेली आवड हे एक कारण सांगितले जाते आणि ते काही अंशी खरेही आहे. परंतु एक साधे, यांत्रिक कारण कमी बोलले जाते. तमाशा हा रात्रभराचा खेळ होता. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी होता होता मध्यरात्र उलटे आणि मग वग लागे तो पहाटेपर्यंत. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० आल्यानंतर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी झाली. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. नियम आवश्यक होता, शहरात तर फारच. पण त्याची कात्री तमाशाच्या कोणत्या अंगावर पडली हे पाहावे. खेळ आखडता घ्यायचा झाला की कापले जाते ते शेवटचे. आणि शेवटी होता वग. हजारोंच्या गर्दीपुढे ध्वनिक्षेपकाविना संवाद पोहोचत नाहीत, म्हणून यंत्र बंद करून वग करावा हाही उपाय नाही.

उरले काय, तर रंगबाजी. म्हणजे नाचगाणी, आणि त्यांतही चालू चित्रपटांची. सुपारी देताना गाणी किती आणि कोणती यावरच बोलणे होऊ लागले. ज्या परंपरेला गाण्यांच्या संचातून नाटक उभे करता येत होते, तीच आता नाटक टाकून गाण्यांच्या यादीवर आली. ब्रॉडवे तबकडीकडून नाटकाकडे गेले आणि फड नाटकाकडून तबकडीकडे.

यातला व्यवहारही आतबट्ट्याचा आहे. चित्रपटातले गाणे यात्रेतल्या प्रत्येकाच्या खिशात, मोबाइलमध्ये, फुकट पडलेले आहे, आणि मूळ गायिकेच्या आवाजात. फडाने तेच विकायला काढायचे म्हणजे ज्याच्याकडे आधीच आहे त्याला ते पुन्हा विकणे. मोबाइलमध्ये नसते ते दुसरेच : आपल्या गावच्या नावाने, आपल्या पाटलाच्या थट्टेने, आपल्यासमोर रचले जाणारे बोलणे. ते फक्त वगात मिळत होते.

येथे विठाबाई नारायणगावकरांचे नाव घेणे भाग आहे. भाऊ-बापू मांग नारायणगावकर या फडाच्या घराण्यातल्या विठाबाईंविषयी एक प्रसंग महाराष्ट्राला पाठ आहे : खेळ चालू असताना प्रसूती, दगडाने नाळ तोडणे, आणि पुन्हा बोर्डावर उभे राहणे. समाजमाध्यमांवर तो दरवर्षी फिरतो. प्रसंग थरारक आहे, पण त्याने एक अन्यायही केला आहे. विठाबाई सोशीक होत्या हे सर्वांना माहीत झाले. त्या काय गात, वगात पात्र कसे उभे करीत, गाण्यातून बोलण्यात आणि बोलण्यातून गाण्यात कशा जात, याविषयी बोलणारे विरळ. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावतीचा अखेरचा काळ ओढगस्तीत गेला. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. राज्य शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला तो त्यानंतर.

आणि एक अप्रिय गोष्ट. शहरी रंगभूमीने फडाकडून पुष्कळ घेतले. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ घेतले, ‘तीन पैशाचा तमाशा’ घेतला, तरी दोन्हीकडे बतावणी, सोंगाड्या, गण-गौळण यांच्यावाचून पान हलत नाही. ती नाटके उत्तमच आहेत. पण त्यांना ‘लोकनाट्य’ म्हटले गेले, ती अभ्यासक्रमात गेली, त्यांच्यावर प्रबंध झाले. ज्यांच्याकडून घेतले ते मात्र ‘तमाशावाले’च राहिले. फडातले बहुसंख्य कलावंत दलित आणि कोल्हाटी समाजांतून आले, ही गोष्ट या नावांच्या फरकाशी असंबद्ध आहे असे म्हणणे कठीण आहे. रॉकच्या बाबतीतही असेच घडले होते. कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमधून रॉक निघाले, आणि रॉकला ऑपेराची बिरुदावली मिळाली तेव्हा टाळ्यांचे धनी दुसरेच होते.

जुन्नर-आंबेगावच्या महाविद्यालयांतली तरुण मंडळी एकांकिका स्पर्धांसाठी झटून तयारी करतात. त्यांच्यातल्या कुणाला आवडत्या मुद्रिकेचे नाटक करावेसे वाटत असेल, तर ती इच्छा अस्सल आहे आणि तिला जगभर पूर्वसूरी आहेत. मात्र तालमीसाठी ते सहसा इंग्रजी संगीतिकांच्या चित्रफिती पाहतात. त्या चित्रफितींत प्रकाशयोजना कळते, नृत्यरचना कळते. दोन गाण्यांच्या मधली जागा कशी भरायची, हे त्यांतून कळत नाही, कारण तेथे ती जागा आधीच लिहून, छापून, पक्की झालेली असते. जागच्या जागी भरण्याची विद्या ज्यांना येते अशी वयोवृद्ध माणसे अजून याच दोन तालुक्यांत आहेत. काही जण कधीकाळी सोंगाड्याचे काम करीत, काही झील धरीत. त्यांच्या स्मरणात वगांची पद्ये आहेत. पद्ये उतरवून घेता येतील, ती कागदावर मावतात. मधले बोलणे मात्र त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याबरोबर उभे राहूनच शिकता येईल, कारण ते कुठेच लिहिलेले नाही.

वगाला वेळही फार लागत नाही, असे काही अनुभवी फडकरी सांगतात. पूर्वीचा पाच तासांचा वग दीड तासात बसवता येतो, फक्त तो गण-गौळणीनंतर लगेच लावावा लागतो आणि रंगबाजी वगाच्या पोटात घालावी लागते. म्हणजे नाचगाणे कथेतल्या एखाद्या दरबारात, एखाद्या लग्नात, एखाद्या दरोडेखोराच्या अड्ड्यावर. रात्री दहाच्या आत हे बसते. संध्याकाळी सातला खेळ सुरू व्हायला हवा, एवढीच अट. आणि यात्रेत सातला खेळ सुरू होत नाही, कारण तोवर कुस्त्यांचा आखाडा संपलेला नसतो, पाहुणे जेवलेले नसतात, पुढाऱ्यांचे सत्कार उरकलेले नसतात.

सत्कार आटोपते घ्यायचे की वग, हा निर्णय नारायणगावच्या राहुटीत होत नाही. तो गावच्या यात्रा समितीच्या बैठकीत, पाडव्याच्या आधी होतो, आणि त्या बैठकीला गावातल्या तरुणांना बसण्याची मुभा असते.